मधाचा वास आणि वर गेलेली कड

डिस्क गोल्फ म्हटल्यावर तुम्ही हिरवीगार लॉन आणि पांढऱ्या टोप्या डोळ्यांपुढं आणल्या असतील, तर त्या परत ठेवा राव. आमचं मैदान म्हणजे चाकणला ताईच्या कंपनीमागचा माळ, आणि डिस्क, म्हणजे फेकायची प्लास्टिकची चकती, जिच्यात टाकायची ती बास्केट म्हणजे बाभळीला टांगलेलं कांद्याचं क्रेट.

काल ताईनं मधाची बाटली उघडली आणि त्या वासानं मी पुन्हा त्याच माळावर जाऊन पोचलो.

मी तेव्हा आठवीत होतो. ताई शिकवत होती, "बाहेरची कड खाली ठेव. वर गेली की डिस्क उजवीकडं पळते." उजवीकडं पाण्याची टाकी, टाकीखाली आग्या मोहोळ. मी तिच्या सुपरवायझरचा आवाज काढला, "मॅडम, आजचं टार्गेट झालंच पाहिजे!" ती खळखळून हसली. त्या नादात माझं मनगट फिरलं, कड वर गेली आणि डिस्क वळत वळत थेट मोहोळात घुसली.

क्षणभर काहीच नाही. मग कंप्रेसर सुरू व्हावा तसा आवाज. ताईनं मला खाली पाडलं, ओढणी टाकली आणि वरून स्वतः पडली. "हलू नको, सोन्या." तोंडात माती, आणि पाठीवर धडधड. तेव्हा वाटलं, माझंच काळीज आहे. आता कळतं, ते तिचं होतं.

माश्या गेल्या तेव्हा तिचा ओठ बटाटेवड्याएवढा सुजला होता. त्याच ओठानं तिनं मला झापलं, "माकडा, मनगट! आणि हसवायचं तर फेकून झाल्यावर हसव!"