अडकलेला कौल

माझ्या ननंदेचा नंबर दोन्हीकडं लागला, मुंबईच्या विद्यापीठात पन आनि पुन्याच्या पन, आनि त्या दिवसापासनं मला जो घोर लागला तो कुनाला सांगायची सोय नव्हती. घरात पेढे वाटले, सासरे तर पार खालच्या आळीपर्यंत वाटून आले. मी पोराला कडेवर घेऊन हसत होते आनि मनात म्हनत होते, देवी, एकच लागला असता, पुन्याचाच, तर तुझं काय गेलं असतं.

मी काय फार शिकलेली नाय. बारावीला बसले, इंग्रजीत गेले, परत बसायच्या आत लगीन झालं, मग पोर. म्हनून कुठलं विद्यापीठ भारी हे मला कोन विचारनार. ननंदेला संख्याशास्त्र शिकायचं होतं, ते दोन्हीकडं होतं. दोन्ही सरकारी, फी पन जवळजवळ सारखीच. फरक एवढाच, मुंबईला रोज जाऊन-येऊन करायचं आनि पुन्याला हॉस्टेलवर राहायचं.

आमचं गाव कर्जतवरनं कोंडान्याच्या लेन्यांकडं जातात त्या वाटंवर. सासरे मुंबईवाले, कारन गावातनं जो कोन शिकला तो मुंबईलाच शिकला. चुलतसासरे पुन्यात राहतात, ते फोनवर चिडवायचे, तुमच्या मुंबईला पोरगी निस्ती धावंल, वही कवा उघडंल? सासरे म्हनायचे, तुमच्याकडं मास्तर दुपारची झोप काढून उठला तर शिकवंल ना. दोगं हसायचे, सासूबाई मधेच म्हनायच्या की पोरगी एकदा घाट चढली की माहेरची राहत नाय, आनि मग सगळं परत मुंबईवर यायचं. सोमवारपर्यंत काय ते ठरवायचं होतं.

आनि तो होताच. माझ्या नवऱ्याचा दोस्त, लोधिवलीचा. लगनाच्या आधीपासनं या घरात त्याचं येनं-जानं. गॅस संपला तर तो आननार, सासऱ्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडं तो नेनार, शिळफाट्यावरनं येताना माझ्या पोराला खेळनं आननार. सासूबाई त्याला दुसरा ल्योकच म्हनायच्या. त्याला मुंबईत नोकरी लागली होती, कर्जतवरनं रोजची गाडी. त्यानं ओटीवर बसून सगळ्यांदेखत सांगितलं की ताईची काळजी सोडा, सकाळी मी घरातनं नेईन, संध्याकाळी घरात आनून सोडीन. सासऱ्यांच्या डोळ्यात पानी आलं. नवऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. मी चुलीजवळ होते, माझी भाकरी तव्यावर तशीच करपली.

कारन ननंदेनं मला सांगितलं होतं. गच्चीवर पापड वाळत घालताना सांगितलं, पापडाकडं बघत, माझ्याकडं नाय. तो तिला मेसेज करतो, आज हिरवी ओढनी का घातलीस, कालच्या पोराशी काय बोललीस. एकदा मागच्या दारात मनगट धरलं, सोडेचना. आनि म्हनाला, मुंबईचंच घ्यायचं, पुन्याचं नाव काढलंस तर बघ.

तुमी म्हनाल नवऱ्याला का नाय सांगितलं. आमच्या शेजारच्या पोरीनं असंच घरी सांगितलं होतं, एक जन बसमदी तरास देतो म्हनून. त्या पोराला कोन काय बोललं नाय. हिचं कॉलेज बंद झालं आनि भात कापायच्या आत लगीन लागलं. ननंद हे सगळं बघून होती. तिनं माझा हात घट्ट धरला, म्हनली, "वयनी, तू काय पन कर, पन दादाला सांगू नको. मला घरात बसवतील गं."

मग मी आपली जमंल तशी पुन्याचं बोलायला लागले. हॉस्टेल बरं, अभ्यास होतो, प्रवासात जीव जात नाय. सासरे हसले, म्हनाले सूनबाई आता विद्यापीठं पन निवडायला लागली. नवरा म्हनाला तुला ननंद घरातनं घालवायची घाई झाली काय गं. मी भांडी घासायला घेतली.

आनि हे त्याच्यापर्यंत गेलं. कसं ते नवऱ्यालाच म्हाईत, दोघं एकत्रच बसायचे. एकदा घरात कोन नसताना तो आला, पोर अंगनात खेळत होतं, त्यानं उचललं आनि वर उडवलं, झेललं, परत उडवलं. पोर खिदळत होतं. तो माझ्याकडं बघून हसत म्हनाला, "वयनी, तुमी पुन्याचं लई बोलता म्हनं." मी म्हनले, तसं काय नाय. त्यानं पोर माझ्या हातात दिलं. "लई हलकं हाय पोर. जपा."

त्याच्यानंतर मला जेवन जाईना. पोर झोपलं तरी मी त्याच्या अंगावर हात ठेवून बसायचे.

शनिवारपर्यंत काय ठरंना तेव्हा सासरे म्हनाले, देवीला कौल लावू. आमच्याकडं असंच हाय, विहीर कुठं खनायची, कुठलं स्थळ घ्यायचं, सगळं देवीला विचारून. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आनि गाऱ्हानं घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाय. विद्यापीठाचा कौल गावात पहिल्यांदाच, म्हनून गुरव पन हसला, म्हनाला देवीला आता कॉम्प्युटर घेऊन द्या.

सकाळी सगळे गेलो. तो पन आला, नारळ घेऊन, देवळाच्या खांबाला टेकून उभा राहिला. गुरवानं पाकळ्या लावल्या आनि मोठ्यानं विचारलं, आई, पोरीला शिकायला मुंबईला धाडू का?

पाकळ्या हलल्या नायत.

आमी बसलो. गुरवानं घंटा वाजवली, परत विचारलं. दोन्ही पाकळ्या दगडाला चिकटलेल्या. बाहेर कुनाची तरी म्हैस हंबरली. ऊन पायरीपर्यंत आलं. गुरवाचं हसनं गेलं होतं. त्यानं पाकळ्यांकडं बघितलं, मग वळून आमच्याकडं बघितलं, एकेकाच्या तोंडाकडं, आनि म्हनाला, "कौल अडकलाय. घरातलं कोन तरी काय तरी लपवतंय. ते बोलल्याशिवाय आई बोलनार नाय."

माझ्या कडेवर पोर होतं ते मी इतकं दाबलं की ते रडायला लागलं. ननंदेनं मान खाली घातली. सासरे सगळ्यांकडं बघत होते. मला वाटलं, आता माझ्या तोंडातनं निघनार, देवीसमोर कसं गप राहू, आनि निघालं की हिचं शिक्षन इथंच, या फरशीवर संपलं. खांबाजवळ तो हलला नाय. माझ्याकडंच बघत होता.

तेवढ्यात सासूबाई पुढं झाल्या. पदर दोन्ही हातात धरून त्यांनी देवीपुढं डोकं टेकलं, म्हनाल्या, "माझ्याकडनं नवस राह्यलाय आई. खना-नारळाचा. मी घरात लपवलं. फेडीन."

सासरे तिथंच चिडले, देवीचा नवस कुनी विसरतं का म्हनून. गुरवानं पाकळ्या काढल्या, ताज्या भिजवून लावल्या, परत तेच विचारलं. जरा वेळ गेला. डावी पडली.

म्हंजे मुंबई नाय. वाऱ्यानं पडली का देवीनं पाडली, मला नका विचारू. सासऱ्यांनी हात जोडले, संपलं, देवीपुढं त्यांचं काय चालत नाय. खांबाजवळनं तो म्हनाला देवाचं ऐकायलाच पायजे, आनि नारळ फोडला. एकाच घावात.

परत येताना सासूबाई माझ्या बरोबर मागं राहिल्या. मी विचारलं, आई, नवस कसला होता? त्या बांधावरनं बघून-बघून पाय टाकत होत्या. "कसला नवस," त्या म्हनाल्या. "तुझं तोंड आठ दिस बघतेय मी. त्याचं पन बघितलं आज." मग म्हनाल्या, मला पुढचं सांगू नको, मला ह्यांच्यापासनं लपवता येनार नाय. आनि झपझप पुढं गेल्या.

ननंद पुन्याला गेली. हॉस्टेलची खोली, वर्ग, मेस, सगळं फोनवर दाखवायची. तिचा आवाज मोकळा झाला होता, मला पन जेवन जायला लागलं होतं.

मग एका रविवारी तो आला. ओटीवर नवऱ्याशेजारी बसला, मी चहा दिला. म्हनाला, मुंबईची नोकरी सोडतोय, चाकनला बघितलीय. पुन्यात खोली शोधतोय, ताईच्या हॉस्टेलजवळ मिळाली तर बरं, काका तर शहराच्या दुसऱ्या टोकाला, परक्या गावात आपलं मानूस जवळ पायजे. नवरा म्हनाला, लई बरं होईल. आनि सासरे आतनं म्हनाले, तिचा पत्ता देतो तुला लिहून.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो खाली ठेवेपर्यंत मी विचार केला तेवढाच. सांगितलं तर तिला घाटाखाली घरी आनतील. नाय सांगितलं तर हा घाट चढून तिच्याकडं जाईल. मी उभ्याउभ्याच, त्याच्या देखत, सगळं सांगितलं. मेसेज, मनगट, मागचं दार, माझं पोर उडवलं ते. मी मधे श्वास घेत नव्हते, कारन थांबले असते तर परत बोलले नसते.

तो म्हनाला, वयनीचा काय तरी गैरसमज झालाय. नवऱ्यानं आधी माझ्याकडं बघितलं, आनि ते बघनं मी इसरनार नाय, जसं काय मीच केलंय. मग त्यानं फोन काढला, भनीला लावला, स्पीकरवर ठेवला. विचारलं, खरं हाय का? तिकडं कुनी तरी पोरी हसत होत्या, मागं भांड्यांचा आवाज होता. मग ती म्हनली, हो. आनि लगेच, आवाज इतका बारीक झाला की मला रडू आलं, "दादा, मी आता घरी यायचं का?"

नवऱ्यानं फोन उचलून तोंडाजवळ धरला. मग म्हनाला, "नको. तितंच ऱ्हा. शीक."

तो उठला. चपला शोधल्या, सावकाश घातल्या. सासरे दारात आले होते, हातात कागद-पेन तसंच. कोन त्याला काय बोललं नाय, अंगावर धावून कोन गेलं नाय. मला वाटलं होतं जातील. पायरीवर माझं पोर खेळत होतं. जाताना तो त्याच्या डोक्यावरनं हात फिरवून गेला.

ननंद तिकडं शिकतेय. मी दुपारची पन दाराला कडी घालते.