दोन कॉलेजं बघायला एकटीच

वडूजहून एसटीत बसले तेव्हा निरोप द्यायला कोणी नव्हतं. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेत. नुकतीच त्यांची लडाखला बदली झाली होती. भूशास्त्रासाठी मला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता: पाचगणीच्या नामांकित खासगी कॉलेजात, तोही फी माफ होऊन, आणि सांगलीच्या अवाढव्य सरकारी विद्यापीठात. "दोनी बघून ये, मग ठरीव," आप्पा फोनवर म्हणाले होते. मनातून त्यांना पाचगणी हवं होतं. नव्या पलटणीत त्यांनी तसं सांगूनही टाकलं होतं.

पसरणीच्या घाटात मला गाडी लागली. ओढणी नळाखाली धुऊन मी तशीच ओली कॉलेजात शिरले. दगडी इमारती, उंच सिल्व्हर ओक, मधूनच वाहणारं धुकं. फाटकावर नाव विचारलं, आणि मग दिवसभर प्रत्येकानं मला नावानंच हाक मारली. प्रयोगशाळा बघून तर तिथंच राहावंसं वाटलं. जेवताना शेजारी पुण्याचं एक कुटुंब होतं. त्यातल्या काकूंनी मला आग्रहानं पुलाव वाढला.

"आई-बाबा नाही आले बरोबर?"

"बाबा ड्यूटीवर आहेत."

"आणि आई?"

सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांची मुलगी ताटाकडे बघत राहिली. संध्याकाळपर्यंत तोच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला, आणि सगळ्यांनी मायेनंच. परतताना इतका थकवा आला होता की साताऱ्याला कंडक्टरनं उठवलं तेव्हा जाग आली.

पुढच्या आठवड्यात सांगली. विटा, तासगाव मागे टाकून गाडी शहरात शिरली तसा हळदीचा वास आला. विद्यापीठाच्या आवारात मी पार हरवले. पत्ता विचारायला एका वर्गात डोकावले, तर सर म्हणाले, "उशीर झालाय, बसा आता." बसले. फळ्यावर काळ्या खडकाचे थर काढलेले होते. पाणी कुठं मुरतं, कुठं अडतं, हे सर सांगत होते. आमच्या खटावातल्या विहिरी का आटतात, ते मला पहिल्यांदाच नीट कळत होतं. तास संपला, वर्ग रिकामा झाला. ही कोण, हे कुणी विचारलं नाही.

कॅन्टीनमध्ये जतकडची एक मुलगी डब्यातली भाकरी आणि कोरड्यास (पातळ कालवण) खात होती. मी तिच्यासमोर बसले.

"हितं करमतं का?"

"पयल्या वर्षी लय रडले. कुणी बघितलंबी न्हाई."

"मग सोडलं का न्हाईस?"

"शिकवत्यात चांगलं," ती म्हणाली आणि डबा बंद करून तासाला गेली.

कृष्णेच्या घाटावर बसून मी आप्पांना फोन लावला.

"आप्पा, मी सांगलीलाच शिकते."

तिकडच्या वाऱ्यातून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "तितं कोण वळखीचं हाय का?"

"न्हाई."

"मग पाचगणीची माणसं बरी न्हाईत व्हय?"

"लय बरी हायत. पर आईचं सारखं सांगावं लागतं तितं."

"नव्या पलटणीत मीबी तिचं कुणाला सांगितलं न्हाई अजून," ते म्हणाले. आणि मग, "बरं. सांगली तर सांगली."

वडूजला पोचले तेव्हा दिवे लागले होते. कुलूप काढताना वाटलं, एकटी तर मी दोन्हीकडे असणारच होते. सांगलीत फक्त त्याचं कारण कुणाला द्यावं लागणार नाही. स्वतःपुरता भात टाकला आणि आप्पांना परत फोन लावला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघं तिच्याबद्दल बोललो.