किटलीतलं औषध

डॉ. ताहेरा बागवान यांच्याकडे मूल नेलं, की पहिल्या भेटीत त्या मुलाला हात लावत नसत. बरोबर आलेल्यांत सगळ्यात म्हातारं जे कोण असेल त्याला समोरच्या खुर्चीत बसवायच्या आणि त्याची तपासणी सुरू करायच्या. मूल तोवर खाली फरशीवर आपल्या मर्जीनं खेळत असायचं. बाईंचा एक डोळा तिकडे असायचा, पण ते कुणाला कळत नसे.

आमच्या घरातून म्हातारा म्हणून मी गेलो होतो. दूध संघात सुपरवायझर होतो. गावोगावच्या दूध संस्थांवर जायचं, दुधात कुणी पाणी घातलं असेल तर त्याला पकडायचं, हे माझं काम. निवृत्तीनंतरही चहा प्यायच्या आधी कप उजेडात धरून बघायची सवय गेली नव्हती. माझा नातू सोहम तेव्हा चार वर्षांचा. बोलत नव्हता, हाक मारली तर वळत नव्हता, बाटल्यांची झाकणं ओळीनं मांडत बसायचा. असं का झालं याचा निकाल आमच्या घरात केव्हाच लागला होता. सून स्वाती दिवसभर मोबाइल बघते, पोराशी बोलत नाही, म्हणून. निकाल देणारा मीच होतो.

बागवान मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "तर आजोबा, बिल कुणाच्या नावावर फाडलंय?"

"कसलं बिल?"

"पोरगं असं का झालं त्याचं. प्रत्येक घरात कुणाच्या तरी नावावर फाडलेलं असतंय की."

मी स्वातीकडं बघितलं. स्वाती फरशीकडं बघत होती.

"कळलं," मॅडम म्हणाल्या. "आता मला सांगा, तुम्ही जेवता कसं? आमटी भाताला लागलेली चालती?"

"न्हाय. आमटी वाटीत. वाटी डाव्या बाजूला."

"आन् कुणी उजव्या बाजूला ठेवली तर?"

"ताट परत येतं," स्वाती म्हणाली. त्या खोलीत शिरल्यापासूनचं तिचं ते पहिलं वाक्य होतं.

मॅडमना आणखी हवं होतं. मीही रंगात आलो. कॅनच्या सगळ्या कड्या एका दिशेला असल्याशिवाय मी दुधाची गाडी सोडत नसे, हे मी छाती पुढं काढून सांगितलं. मॅडमनी फरशीकडं बोट केलं. सोहमनं दारातल्या सगळ्यांच्या चपला आत आणून ओळीत लावल्या होत्या. सगळ्यांचे अंगठे एका दिशेला.

"सुपरवायझर," त्या म्हणाल्या, "हे पोरगं मोबाइलवर न्हाय गेलेलं. तुमच्यावर गेलंय."

स्वाती हसली. इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. लग्न होऊन घरात आल्यापासून ती माझ्यासमोर अशी हसली नव्हती.

हा त्यांचा नुसता चेष्टेचा भाग नव्हता, हे मला पुढं कळलं. ऑटिझम कशानं होतो याचा त्यांनी ध्यास घेतला होता. "कारण एक नसतंय," त्या सांगायच्या. "बरंचसं रक्तातनं येतंय, आन् अजून लई कळायचं हाय. आईच्या मायेत कमी पडलं म्हणून होत न्हाय, एवढं मात्र कळलंय. ते कळायलासुद्धा डॉक्टरांनी किती आयांना रडवलं." घराघरातल्या आजोबांचे, काकांचे, आत्यांचे असले स्वभाव त्या वर्षानुवर्षं गोळा करत होत्या. आपल्या भागातल्या कुटुंबांची रक्तं तपासून मोठा अभ्यास करायचा, हे त्यांचं स्वप्न. कोडोलीपासून जयसिंगपूरपर्यंतचे म्हातारे त्यांच्या खुर्चीत बसून गेले होते आणि बहुतेक जण घरी येऊन चिडले होते.

'स्वमग्न' हा शब्द त्यांना आवडत नसे. "मग्न कसला? त्याला सगळं दिसतंय. आपल्याकडं बघत न्हाय म्हणून आपल्याला राग." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही आणि मला ते महागात पडलं.

सोहमचे शिकवणीचे, बोलण्याचे तास राजारामपुरीतल्या त्यांच्या दवाखान्यात सुरू झाले. दोन वर्षांनी एका औषधाची चाचणी आली. देशभरात बऱ्याच ठिकाणी ती चालणार होती, कोल्हापुरात मॅडमकडे. ही चाचणी नीट पार पडली तर पुढं रक्ताच्या अभ्यासाला पैसा आणि परवानगी मिळणार, असं ठरल्यासारखं होतं. मॅडमनी आम्हा सगळ्या पोरांच्या घरच्यांना बसवून समजावलं. निम्म्या पोरांना खरं औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं, तशाच चवीचं गोड पाणी. कुणाच्या बाटलीत काय आहे हे आईबापांना माहीत नसणार आणि खुद्द मॅडमनाही नसणार. "न्हायतर मला वाटंल औषधवालं पोरगं सुधारलं, आन् मला तसंच दिसंल," त्या म्हणाल्या. "मी पण माणूसच की."

तिथं बसलेल्या सगळ्यांत ही गोष्ट मला सर्वांत नीट कळली होती. दुधाचे नमुनेसुद्धा आम्ही नाव झाकून, नंबर टाकूनच तपासणीला पाठवत होतो. तपासणाऱ्याला आपल्या मेव्हण्याचं दूध कुठलं ते कळू नये म्हणून. तेव्हा मला समजलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

झालं असं की, बाटल्या घेऊन आम्ही जिन्यात उतरलो आणि मलकापूरची सुनंदा पायरीवर बसून रडायला लागली. तिची मुलगी सोहमएवढीच. "माझ्या नशिबाला पाणीच येणार बघा," ती म्हणाली. मग दुसरीला वाटलं आपल्याला पाणी आलंय. तिसरीनं बाटली उजेडात धरली. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या, कारण उजेडात धरून बघण्यात मी नामांकित होतो.

मी म्हणालो, "रडू नका. पुढच्या खेपेला मी किटली आणतो."

संस्थेत सगळ्यांचं दूध एका कॅनमध्ये जातं. कुणाची म्हैस दाट देते, कुणाची पातळ, कॅनमध्ये गेल्यावर सगळं सारखं. आयुष्यभर मी तेच बघितलेलं. स्वाती म्हणाली, "मामा, हे बरोबर न्हाय. मॅडमना विचारूया." मी तिला म्हणालो, "तू गप. सगळ्यांच्या लेकरांना निम्मं निम्मं मिळंल, कुणाचं नुकसान न्हाय." अशी फर्मानं काढताना माझा आवाज फार छान लागतो.

पुढच्या महिन्यात जिन्याच्या वळणावर माझ्या दुधाच्या किटलीत सगळ्या बाटल्या रिकाम्या झाल्या. मी दांड्यानं ढवळलं, मापानं परत भरून दिलं. सोहम कठड्याला टेकून उभा होता आणि पलीकडच्या भिंतीकडं बघत होता. तो बघत नाहीये असंच सगळ्यांना वाटलं. पुढं दर महिन्याला हे होऊ लागलं. गंमत म्हणजे पोरं सुधारली. सुनंदाची मुलगी आईचा हात धरायला लागली. सोहम 'आजोबा' म्हणाला. जिन्यात आमची जत्रा भरायची. कुणी शेंगदाण्याचे लाडू आणायचं, कुणी भडंग.

बुडालो ते माझ्या व्यवस्थितपणामुळं. उरलेलं औषध बाटलीसकट परत द्यायचं असे. कुणी डोस चुकवले तर जास्त उरायचं आणि मॅडम रागावतील म्हणून बाया घाबरायच्या. मी उरलेलंही एकत्र करून सारखं वाटून टाकलं. मॅडमनी टेबलावर बाटल्या ओळीत मांडल्या, तर सगळ्यांची पातळी एक. त्या खाली वाकून बघत राहिल्या. मग एका बाटलीचं झाकण काढलं, हुंगलं आणि मला आत बोलावलं.

"सुपरवायझर, म्हशीचं का गाईचं?"

"म्हशीचं," मी म्हणालो.

त्या खुर्चीत मागं रेलून हसल्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग उठून दार लावून घेतलं आणि त्यानंतरचा त्यांचा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. प्रत्येक पोराच्या वजनावर औषधाचं माप ठरलेलं होतं. मी ते मोडून ठेवलं होतं. "एखाद्या लेकराला झटका आला असता तर मी कुणाला काय सांगितलं असतं? संस्थेतली किटली हाय, म्हणून?" त्या आठवड्यात त्यांनी एकेक पोर बोलावून तपासलं. कुणाला काही झालं नव्हतं. मग त्यांनी स्वतःच फोन करून चाचणीवाल्यांना कळवलं. झाकून ठेवता आलं असतं. बाटल्या धुतल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. मी तसं सुचवलंही. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी माझी टोपी सरळ केली.

चौकशीला बाहेरगावचे दोघे साहेब आले. आम्ही सगळे बाकांवर बसलेलो. औषध कुणी एकत्र केलं, हे त्यांना हवं होतं. मॅडमनी आम्हाला आधीच तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. एकाचं नाव आलं तर त्या घरावर ठपका येईल आणि बाकीचे पोरांना आणायचं सोडतील, असं त्यांचं म्हणणं. "देखरेख माझी होती," एवढंच त्या सांगत राहिल्या.

तेवढ्यात सोहम, जो तोवर दिवसाकाठी चार शब्दसुद्धा बोलत नव्हता, खणखणीत आवाजात म्हणाला, "आजोबा, किटली."

साहेबांनी मान वळवली. सवयीनं आणलेली ती किटली माझ्या बाकाखालीच होती.

"व्हय रं बाबा," मॅडम लगेच म्हणाल्या, "पावण्यांना चहा सांगायचा राहिलाच. जावा सुपरवायझर, घेऊन या."

मी गेलो आणि कोपऱ्यावरून चहा आणला. ज्या किटलीत औषध एकत्र झालं होतं, त्याच किटलीतून मी त्यांच्या कपांत चहा ओतला. थोरल्या साहेबांनी चहाची तारीफ केली. मॅडम कागदात डोकं घालून बसल्या होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

कोल्हापूरचं केंद्र बंद झालं. रक्ताचा अभ्यास दुसऱ्या शहरात गेला. ज्या कामासाठी त्या एवढी वर्षं म्हातारे गोळा करत होत्या, ते काम दुसऱ्यांनी केलं. गावात बोललं जाऊ लागलं, बागवान डॉक्टरीणबाईंनी औषधात पाणी घातलं. एकदा मी दाढीला बसलो होतो. शेजारच्या खुर्चीतला माणूस तेच बोलला आणि वर मला म्हणाला, "तुम्ही दुधातलं पाणी पकडत होता न्हवं? हे पण पकडायचं की." माझ्या तोंडाला साबण होता. पुसता आला असता. मी म्हणालो, "असंल, असंल."

किटलीपेक्षा मला हे 'असंल' जास्त टोचतं.

मॅडम शेवटी आजारी पडल्या तेव्हा मी भेटायला गेलो. चाचणीचा निकाल लागला होता. बाकी सगळीकडं नीट पार पडलेल्या त्या चाचणीत खरं औषध आणि गोड पाणी यांत काही फरक निघाला नव्हता. त्यांनीच मला सांगितलं आणि उशीवर हसायला लागल्या.

"जल्मभर पाणी पकडलं सुपरवायझर, आन् शेवटी पाण्यात पाणी वतलं."

मला एकदम हलकं वाटलं. "म्हंजे माझ्यानं काय बिघडलं न्हाय?"

"बिघडलं की. औषध चालत न्हाय हे पण उत्तरच असतंय. ते कोल्हापुरातनं पण जायला पायजे होतं."

मी विचारलं, "मग पोरं कशी सुधारली?"

"दिसामासांनी वाढतात लेकरं. शिकवणी चालू होती. आन् तुम्ही सगळे जिन्यात बसून त्यांच्याकडं बघायला लागला. आधी कुठं बघत होता?"

मी म्हणालो, मी चारचौघांत खरं सांगून टाकतो. त्यांनी हात हलवला. "आत्ता नको. माझं नाव चांगलं झालं तर भेटायला गर्दी हुईल. मी गेल्यावर सांगा. गेल्यावर मात्र सांगा."

शोकसभेला मोठा हॉल घेतला होता. तिथला माइक खरखरत होता आणि त्या दिवशी मी काय बोललो ते मागच्या रांगांपर्यंत पोचलं नाही, असं नंतर कळलं. काहींना वाटलं, म्हातारा बाईंवरच्या मायेनं आळ आपल्यावर घेतोय. म्हणून हे लिहून ठेवलं. औषध मी मिसळलं. किटली माझी. बाईंनी पाण्याचा थेंबही घातला नाही.

त्या सभेतही मी उठलो, ते आपणहून नव्हे. एक गृहस्थ बोलत होते, "ते औषधाचं प्रकरण सोडलं तर बाई फार मोठ्या." लोक माना डोलावत होते. मीही डोलावली असेन, सवयीनं. माझ्या एका बाजूला स्वाती होती, दुसऱ्या बाजूला सोहम. आता माझ्यापेक्षा उंच झालाय. तो समोरच्या भिंतीकडं बघत होता.

"आजोबा, किटली," तो म्हणाला. हॉलभर ऐकू गेलं.

या खेपेला चहा सांगायला कुणी नव्हतं. पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून विचारलं, "काय म्हणतंय पोरगं?"

स्वाती माझ्याकडं बघत होती.

"बरोबर म्हणतंय," मी म्हणालो आणि उठलो.