तिसऱ्या वळणावरचा दगड

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की आमच्या टेकडीवरच्या बागेत जो देव प्रकट झाला, तो एका शनिवारी सकाळी माझ्या उजव्या हाताच्या बोटातून प्रकट झाला.

बाग चढणीवर आहे. उतार न मोडता काळ्या दगडाचे बांध घालत पायवाट वर नेली आहे, आणि जिथं दम लागेल तिथं नेमकं एक शिल्प. तिसऱ्या वळणावर छातीइतका, मागं कललेला दगड होता. अंगावर छिन्नीच्या तिरक्या रेघा. कोवळं ऊन पडलं की नुकतं नांगरलेलं रान वाटायचं. चढून आलेला प्रत्येकजण त्याला पाठ टेकायचा.

त्या शनिवारी मारुतीला जाऊन आलो होतो. पुडीत शेंदूर उरला होता. "आता याला कामाला लावतो," असं बायकोला म्हणत मी दगडाला टिळा लावला आणि नसलेली घंटा वाजवली. ती पोट धरून हसली.

आठवड्यात तिथं हार दिसला, मग नारळ, मग तेल. ही हकिगत मी चहाच्या गाड्यावर नकलांसकट सांगायचो. दसऱ्यापर्यंत दगड पुरता शेंदरी झाला. एकदा सवयीनं टेकायला गेलो, तर मुरगूडहून लेकीकडं आलेल्या एका आजीनं हटकलं, "पावणं, चपला काढा आधी. आन् देवाला पाठ लावत्यात व्हय?" तिचा म्हातारा धापा टाकत मातीतच बसला होता. ती नक्कल मात्र मी कुणाला करून दाखवली नाही.

परवा तिथं एक बाई बांबूच्या कामटीनं शेंदराची पुटं खरवडत होत्या. दगड त्यांनीच घडवलेला.

"रेघा बुजल्यात. तेल आत मुरलंय," त्या म्हणाल्या. "टेकता यावं म्हणून आईच्या पाठीचं माप घेतलं होतं. आता कुणी शिवतही नाही."

कबुली द्यायला मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच, "लोकांना अक्कल कुठं असते."

मग खाली बसून मीही खरवडू लागलो. नखं शेंदरानं भरली, दोन बोटांएवढीही रेघ उघडी पडेना. त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखी जाण असलेली माणसं कमीच भेटतात."

माझे कान तापले. तरी मी मान डोलावली, अगदी नम्रपणे. बायको बांधावर बसून बघत होती. तिला ते सहन होईना.

"कसली जाण बाई, पहिला टिळा आमच्या ह्यांनीच लावलाय की."