शब्दांची कार्डं

मंठ्याच्या कॉलेजात सर इंग्रजी शिकवायचे आणि मी ग्रंथपाल होतो. तास संपला की ते ग्रंथालयात माझ्यासमोरच्या टेबलाशी येऊन बसत. एका जुन्या इंग्रज कवीच्या कवितांमध्ये कोणता शब्द कुठं-कुठं येतो, ते एकेका कार्डावर उतरवून काढत. पीएचडीसाठीचं हे काम वीस वर्षं चाललं होतं. चहा विचारला तर हात वर करायचे, "थांबा, एवढं पान होऊ द्या."

गावात इंटरनेट कॅफे निघाला तेव्हा मीच त्यांना हौसेनं घेऊन गेलो. कॅफे चालवणारी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं त्या कवीच्या सगळ्या कविता उघडल्या, सरांनी सांगितलेला शब्द टाइप केला, आणि तो शब्द असलेल्या ओळी क्षणात पडद्यावर आल्या. सरांनी पिशवीतून कार्ड काढलं आणि ओळ न्‌ ओळ ताडून पाहिली. यंत्राची एक तरी चूक निघावी, असं मला वाटत होतं.

"बराबर आहे," ते म्हणाले. "एकबी सुटली न्हाई."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सर, त्या कविता तुमच्याइतक्या कुणी वाचल्या नसतील."

"वाचल्या कुठं? मी शब्द शोधत राह्यलो. वाटायचं, आधी हे काम उरकू, मंग निवांत वाचू."

दुसऱ्या दिवशी मी त्या कवीचं पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं. ते न उघडताच त्यांनी माझ्याकडे सरकवलं आणि तासाला निघून गेले.