बेसमेंटमधले संकल्प

माझ्या नवऱ्याला जन्मात कधी स्वतःच्या मोज्यांची जोडी सापडली नाही, पण दुसऱ्याच्या आयुष्यात काय कुठे ठेवायचं हे त्याला पाच मिनिटांत दिसायचं. चारुदत्त पुण्याचा इंजिनिअर. सत्तावीस वर्षं मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत प्लॅनिंगला होता. रिटायर झाल्यावर तीन महिने त्याने माझ्या मिसळणाच्या डब्याचं प्लॅनिंग केलं. मी वैतागून म्हटलं, "खाली जा आणि दुसरं कोणीतरी गिऱ्हाईक बघ." तो खरंच खाली गेला. कॅनडात मिल्टनमधल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये त्याने पांढरा बोर्ड ठोकला आणि नव्याने आलेल्या मराठी मुलांना आयुष्याचा पाच वर्षांचा प्लॅन करून द्यायला लागला. फी एक नारळ.

पद्धत त्याची स्वतःची होती. मुलगा आला की चार-पाच रविवार नुसते प्रश्न. मग बोर्डावर वर्षं मांडायची: पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना कधी, टाउनहाउस कधी, लग्न कधी, आईवडिलांना कधी आणायचं. शेवटच्या रविवारी भारतात व्हिडिओ कॉल लावायचा आणि आईवडिलांसमोर सगळा प्लॅन मोठ्याने वाचायचा. गोत्रासकट. वाचून झालं की तळहातावर पळीभर पाणी घेऊन ताम्हनात सोडायचं. "पूजेला संकल्प करतो ना आपण? मग आयुष्याला का नाही?" असं तो म्हणायचा. तिकडे आया डोळे पुसायच्या. मला तेव्हा हे कौतुकाचं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पाणी सोडल्यावर मात्र प्लॅन बदलायचा नाही. बोर्डावर खोडरबर चालेल, संकल्पावर नाही, हा त्याचा नियम.

देवदत्त नागपूरचा, एकुलता एक, सॉफ्टवेअरमधला. जेवताना दुसरी पोळी वाढू का विचारलं तर लाजून नको म्हणणारा. त्याच्या संकल्पाच्या दिवशी त्याचे वडील भाऊसाहेब तिकडे कोट घालून बसले होते, नागपूरच्या उकाड्यात! दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात आईवडील कॅनडाला येणार, असं त्याने वाचलं तेव्हा भाऊसाहेब कॅमेऱ्याच्या इतके जवळ आले की आम्हाला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं. "ऑक्टोबर पक्का ना जी?" त्यांनी चारुदत्तला विचारलं. चारुदत्त म्हणाला, "पाणी सोडलंय भाऊसाहेब."

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये देवदत्तची नोकरी गेली. तो आला तेव्हा बूट न काढताच दारात उभा राहिला.

"काका, ले-ऑफ झाला. पूर्ण टीम गेली. घरी सांगून टाकतो. ऑक्टोबरचं कॅन्सल करतो."

"अरे, कॅन्सल काय लगेच? तू अप्लाय करत राहा. दोन महिन्यांत दुसरा जॉब लागेल. त्यांना कशाला टेन्शन?"

"पण रोज खोटं बोलायचं का?"

"खोटं नाही रे. फक्त सांगायचं नाही. संकल्प असे पहिल्या धक्क्याला मोडत नसतात."

मी चहा घेऊन उभी होते. "त्याला सांगू दे की," असं मी म्हटलं, एकदाच म्हटलं. चारुदत्तने माझ्याकडे पाहिलं आणि मी कप ठेवून वर निघून आले. तेव्हा भांडायला हवं होतं. मी एरवी मिठावरून भांडते.

दोन महिन्यांचे पाच झाले. देवदत्त एका वेअरहाउसमध्ये खोकी उचलायला लागला आणि जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीचा शर्ट चढवून, गाडीत बसून आईशी व्हिडिओवर बोलायचा. "ऑफिसच्या पार्किंगमध्ये आहे गं," म्हणायचा. ऑगस्टमध्ये भाऊसाहेब गेले. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंतही थांबले नाहीत. देवदत्त जाऊन तेरावा करून परत आला. आईला तरीही काही बोलला नाही. आता कुठल्या तोंडाने सांगू, म्हणाला.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्याच्या आईचा, मृणालिनीताईंचा, चारुदत्तला स्वतःहून फोन आला. पडद्यावर त्या एकट्या होत्या, मागे हार घातलेला फोटो. मला वाटलं, आता ही बाई बोल लावणार. मला तेच हवं होतं, म्हणजे एकदाचं संपलं असतं.

"भाऊजी, माझाही एक प्लॅन करून द्या," त्या म्हणाल्या. "देवदत्तला कामातून फुरसत नाही, अन् मला दिवस कसा काढावा ते समजत नाही. ऑक्टोबरला मी एकटीच येऊ की पुढे ढकलू? यांनी तर त्या ऑक्टोबरसाठी जीव टाकला होता."

त्याच पुढे सांगत राहिल्या. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी बायपास सांगितली होती. भाऊसाहेबांनी शपथ घातली, देवदत्तला कळू द्यायचं नाही. त्याला कळलं तर तो नोकरी टाकून धावत येईल, संकल्प मोडेल. कॅनडाहून आल्यावर ऑपरेशन करू.

चारुदत्तने चष्मा काढला. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्याला असा कधी पाहिला नव्हता, हात कुठे ठेवावेत हे न कळणारा. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली.

"वहिनी," तो म्हणाला, "देवदत्तची नोकरी मार्चमध्येच गेली. तो तुम्हाला सांगणार होता. मी सांगू नको म्हटलं."

मृणालिनीताई रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

"मार्चमध्ये," त्या म्हणाल्या. "म्हणजे एप्रिलमध्ये तो रिकामाच होता. आम्ही बोलावलं असतं तर आला असता."

त्यांनी फोन ठेवला नाही. चारुदत्तनेही ठेवला नाही.