बियाण्याचे तीळ

रेणापूरहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी चटणीसाठी तीळ भाजत होते. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. तव्यावरचे तीळ करपले. अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, समोर असत्या तर आधी त्यावरूनच मला बोलल्या असत्या.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा यांना तिथं कचेरीत नोकरी लागली. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला मी रेणापुरात अक्कांजवळच राहिले. त्यात दुष्काळ, म्हैस आटलेली. मुलगी झाली, पण तिला पुरेल एवढं दूध मला येईना. रात्रंदिवस रडायची बिचारी. डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या, वर रोज दूध प्यायला सांगितलं. आता ते आणायचं कुठून...

अक्कांनी बियाण्याच्या तिळाचं गाडगं खाली घेतलं आणि त्याचं लिंपलेलं तोंड फोडलं. आमच्याकडे माणसं अर्धपोटी राहतील, पण बियाण्याला हात लावत नाहीत. थोरले दीर दारातच थबकले.

"पेरायचं काय मग?"

"पाऊस पडंल तवा बगू. लेकरू आत्ता उपाशी हाय न्हवं?"

ते दारातून बाजूला झाले.

अक्का सालासकट तीळ भाजायच्या, खोबऱ्याबरोबर जाडसर कुटायच्या आणि पुढ्यात बसून खायला लावायच्या. "चावून खा. तसेच गिळलेस तर तसेच जातेत." तिळात कॅल्शियम असतं, लोह असतं, हे मला पुढे डॉक्टरीणबाईंकडून कळलं. पण नुसत्या तिळावर भागणार नाही, असंही त्या म्हणाल्या. अक्कांना ते पटलं. तिळासोबत गोळीही हातावर येऊ लागली.

हळूहळू दूध आलं. तिळानं, गोळ्यांनी, की अक्कांनी मला कुठल्याच कामाला हात लावू दिला नाही म्हणून, सांगता येत नाही. पुढच्या पावसात आमच्या रानात तीळ तेवढा पेरला गेला नाही.

अक्कांच्या दहाव्याला गुरुजींनी तिलांजलीसाठी सगळ्यांच्या हातावर काळे तीळ ठेवले. माझी मुलगी ओंजळ धरून तशीच उभी राहिली. तिच्याही केसांत आता पांढरं दिसतं.

"सोडा ताई," गुरुजी म्हणाले.

"मोठी आई म्हणली असती, खायचे तीळ पाण्यात घालायलीस का..."

तिनं ओंजळ सोडली. इतके दिवस आवरलेलं माझं रडू तिथं फुटलं. तिच्या ओल्या तळव्याला थोडे तीळ चिकटून राहिले होते. ते तिनं झटकले नाहीत.